परसबागेतील वाढीव पाल्याचा नित्याच्या स्वयंपाकात उपयोग

(इयत्ता चौथी व पाचवीसाठी पाठ-टाचणासह)

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागली की अनेक शाळांच्या परसबागांत मेथी, कोथिंबीर व शेपू यांची पेरणी होते. मुले उत्साहाने वाफे बांधतात, पाळीपाळीने पाणी घालतात आणि महिना-सव्वा महिन्यात हिरवेगार वाफे डोलू लागतात. येथपर्यंत सर्व यथासांग पार पडते. पुढे मात्र पुष्कळ ठिकाणी असे घडते की, सारे वाफे एकाच आठवड्यात काढणीस येतात. दोन दिवस पोषण आहारात भाजी पडते, थोड्या जुड्या वाटल्या जातात आणि उरलेला पाला पिवळा पडून, फुलावर येऊन अखेर गुरांपुढे टाकला जातो.

या नासाडीत केवळ चार किलो भाजीचा तोटा होत नाही. ज्या मुलाने सुट्टीच्या दिवशीही येऊन वाफ्याला पाणी घातले, त्याच्या डोळ्यांदेखत तो वाफा उकिरड्यावर गेला, तर श्रमाचे फळ असेच जायचे असते, हा धडा त्याच्या मनावर नकळत कोरला जातो. पाठ्यपुस्तकातील श्रमप्रतिष्ठेचे दहा पाठ तो धडा पुसू शकत नाहीत. म्हणून वाढीव पाल्याचा प्रश्न स्वयंपाकघराइतकाच वर्गाचाही आहे, हे शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानी घ्यावे.

पाला एकदम का वाढतो?

याचे कारण पेरणीतच असते. एकाच दिवशी सर्व वाफे पेरले की सर्व वाफे एकाच वेळी तयार होणार, हे उघड आहे. मेथी साधारणपणे २५ ते ३० दिवसांत व कोथिंबीर ३५ ते ४५ दिवसांत काढणीयोग्य होते. त्यानंतर ही पिके फार दिवस थांबत नाहीत. मेथीचा पाला जून व कडवट होतो. उन्हाचा ताप वाढू लागला की कोथिंबीर दांडा धरून फुलावर येते.

एक हिशेब करून पाहावा. समजा, शाळेची पटसंख्या ६० आहे. प्राथमिक वर्गांतील मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे पोषण आहाराचे प्रमाण ठरलेले आहे. त्यानुसार ६० मुलांना दिवसास ३ किलो भाजी लागते. तीत निम्मा वाटा पाल्याचा धरला तर दीड किलो पाला पुरे. आता चार वाफ्यांतून प्रत्येकी २ किलो निवडलेला पाला एकाच दिवशी निघाला, तर तो ८ किलो झाला, म्हणजे पाच दिवसांहून अधिक दिवसांची बेगमी झाली. पण खुडलेला पाला दुसऱ्या दिवशीच मान टाकू लागतो. तेच चार वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरले, तर महिनाभर दर आठवड्यास २ किलो ताजा पाला मिळतो. त्यातून एका दिवसाची भाजी होते आणि दुसऱ्या दिवसाच्या आमटीलाही पाला उरतो.

पेरणीप्रमाणे काढणीतही धोरण असावे. झाड मुळासकट उपटण्याऐवजी जमिनीपासून तीन-चार बोटे ठेवून वरचा शेंडा कापला, तर मेथी व कोथिंबीर पुन्हा फुटते. एका वाफ्याचा एक कोपरा मात्र मुद्दाम राखून ठेवावा. त्यास फुले येऊ द्यावीत, त्यांवर मधमाश्या कशा येतात ते मुलांना पाहू द्यावे आणि पुढील हंगामाचे धणे व मेथ्या घरच्या घरी धराव्यात. धणे पेरण्यापूर्वी हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन फाका कराव्या लागतात, कारण प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. ही गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखवावी.

पाल्याचे मोल

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. वर्गात पेंगणारे, खेळताना लवकर दमणारे मूल प्रत्येक वेळी आळशीच असते असे नाही.

हिरव्या पाल्यात लोह असते. परंतु वनस्पतीतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर हे शोषण वाढते. म्हणून भाजीवर लिंबू पिळणे, जेवणात पेरू, आवळा किंवा ताजी कोथिंबीर असणे हितकर ठरते. उलट, जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेतल्यास लोहाच्या शोषणात अडथळा येतो. ज्या घरांतून मुलांना भाकरी चहात कुस्करून देतात, त्या घरी ही गोष्ट समजावून सांगणे अगत्याचे आहे.

पाल्यातील दुसरा महत्त्वाचा अंश म्हणजे कॅरोटीन. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते व ते डोळ्यांच्या आरोग्यास आवश्यक असते. कॅरोटीन स्नेहात विरघळते, त्यामुळे पाल्यास थोड्या तेलाची जोड हवी. तेलाची फोडणी ही केवळ चवीसाठी नसते, हे यावरून दिसून येईल. क जीवनसत्त्व मात्र पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नाश पावणारे आहे. म्हणून पाला आधी धुवावा, मग चिरावा. झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवावा व शिजवलेले पाणी फेकू नये. कडवटपणा घालवण्यासाठी मेथीला मीठ चोळून पिळून काढण्याची रीत काही घरांत आहे. तीत चांगले सत्त्वच पाण्याबरोबर जाते. डाळ, दाण्याचे कूट किंवा गुळाचा खडा यांनी कडवटपणा सौम्य होतो. रंग हिरवा राहावा म्हणून सोडा घालणे तर सर्वथा टाळावे.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पालेभाजी हा आहार आहे, औषध नव्हे. आठवड्यास देण्यात येणारी लोहाची गोळी पालेभाजी खाल्ली म्हणून बंद करू नये, आणि फिकट दिसणाऱ्या मुलास आरोग्य तपासणीस अवश्य पाठवावे.

शाळेच्या पातेल्यात

शाळेतील स्वयंपाकात पाला कमी वापरला जातो, याचे खरे कारण बहुधा पाककृतीचे अज्ञान नसून वेळेचा अभाव असते. स्वयंपाकीण बाई एकटी असते. तांदूळ निवडणे, डाळ शिजवणे, भांडी घासणे यांतून दीड किलो मेथी पानन् पान निवडण्यास तिला सवड कोठून मिळणार? बटाटा चिरणे सोपे, म्हणून पातेल्यात बटाटा पडतो. ही अडचण ओळखून मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत माता-पालकांशी बोलावे. काढणीच्या दिवशी दोन माता अर्धा तास आल्या तरी काम भागते. मुलांनी पाला निवडणे हा आठवड्यातून एखाद्या वेळी पाठाचा भाग असावा. रोजच्या कामाचा भार त्यांच्यावर पडू नये.

पुढील प्रकार नित्याच्या आहारात सहज बसतात. प्रमाणे ६० मुलांसाठी आहेत.

१. मेथीची डाळ-आमटी : १ किलो २०० ग्रॅम तूरडाळ किंवा मूगडाळ शिजवावी. दीड किलो मेथीची कोवळी देठे बारीक चिरून डाळीबरोबरच घालावीत. पाने मात्र फोडणी देऊन झाल्यावर शेवटी घालावीत व पाच-सात मिनिटांत पातेले उतरवावे. उरलेल्या दीड किलोत टोमॅटो, भोपळा किंवा गाजर घालता येते.

२. शेपूची खिचडी : शेपूचा उग्र वास पुष्कळ मुलांना आवडत नाही. प्रथम थोडाच शेपू मूगडाळीच्या खिचडीत लसणाच्या फोडणीवर परतून घालावा. दर आठवड्यास प्रमाण थोडे वाढवावे. आग्रह करून ताटात वाढलेला शेपू मूल कायमचा नाकारते, हे विसरू नये.

३. कोथिंबिरीची देठे : पाने शोभेला आणि देठे उकिरड्याला, ही सवय सोडावी. देठांत सुवास भरपूर असतो. आले, लसूण व मिरची यांच्याबरोबर देठे वाटून ते वाटण आमटीस लावावे. पाने वाढण्याच्या वेळी वरून घालावीत.

४. शेवग्याचा पाला : छाटणीनंतर शेवग्यास कोवळा पाला भरभरून फुटतो. हा पाला गुणाने कोणत्याही पालेभाजीस हार जात नाही. काड्या काढून, पाने धुऊन, बारीक चिरून डाळीत अथवा खिचडीत घालावी. पाला काढण्यास मुलांना झाडावर चढू देऊ नये. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते व फांदी अकस्मात मोडते. आकडीने फांदी वाकवून पाला घ्यावा.

५. कढीपत्त्याची पूड : आमटीतील कढीपत्ता मुले वेचून ताटाच्या कडेला ठेवतात, त्यामुळे तो पोटात जातच नाही. पाने धुऊन, सावलीत सुकवून, मंद आचेवर कुरकुरीत भाजून, तीळ, दाणे व मीठ यांच्यासह कुटली, तर त्याची चटणी होते व ती सर्वच्या सर्व खाल्ली जाते.

घरच्या स्वयंपाकात

जुड्या घरी पाठवल्या की त्यांची एखाद्या दिवशी वडी किंवा भजी होते आणि विषय संपतो. कोथिंबिरीची वडी चांगलीच, पण ती सणावाराची. वाढीव पाला खपतो तो रोजच्या भाकरी-आमटीत. ‘रोज मूठभर’ हा नियम मुलांच्या तोंडी बसवावा. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठात मूठभर चिरलेली मेथी मळली की भाकरीची चव बदलते. पिठल्यात मूठभर कोथिंबीर, थालीपिठात मूठभर शेवग्याचा पाला, ताकात पुदिन्याची चार पाने, बेसन लावून केलेली मेथीची पातळ भाजी यांपैकी कशालाही वेगळा खर्च लागत नाही. कोवळ्या मेथीचा घोळाणा तर चुलीवाचून होतो. स्वच्छ धुतलेली मेथी, कांदा, दाण्याचे कूट, तेल व मीठ एकत्र कालवले की झाले. कच्च्या पाल्यातील क जीवनसत्त्वही त्यात टिकून राहते.

एक-दोन दिवस पाला टिकवायचा असेल, तर मेथी न धुता, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत, माठाच्या गारव्याला ठेवावी. मुळे असलेली कोथिंबीर तांब्यात थोडे पाणी घेऊन तीत उभी करावी. अधिक पाला असल्यास तो वाळवावा. धुऊन, पाणी पूर्ण निथळल्यावर स्वच्छ कापडावर पातळ पसरून सावलीत वाळवावा व कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. कडक उन्हात वाळवल्यास रंग उडतो व कॅरोटीनही घटते. वाळवणात क जीवनसत्त्व बहुतांशी नाहीसे होते. तरीही उन्हाळ्यात भाजी दुर्मीळ होते तेव्हा वाळवलेली मेथी आमटीस मोठा आधार देते.

पाठ-टाचण

इयत्ता : चौथी व पाचवी. विषय : परिसर अभ्यास, गणित व भाषा यांचा समवाय. वेळ : दोन तासिका.

साहित्य : मेथी व कोथिंबीर यांची एकेक जुडी, तराजू व वजने, सूप, परात, स्वच्छ पाणी, दोन स्वच्छ फडकी, नोंदवह्या.

प्रस्तावना : शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत. आपल्या बागेत आज कोणता पाला तयार आहे? काल घरी कोणती भाजी झाली? निवडताना काय टाकून दिले? टाकलेल्याचे पुढे काय झाले?

हेतुकथन : ‘एका जुडीतील किती भाग आपल्या पोटात जातो आणि किती वाया जातो, हे आज आपण मोजून पाहू.’

विषयप्रतिपादन :

(अ) जुडीचे वजन करावे. मुलांनी गटागटाने पाला निवडून पाने, कोवळी देठे व जून देठे-मुळे असे तीन ढीग करावेत. प्रत्येक ढिगाचे वजन फळ्यावर लिहावे. चौथीने वजाबाकी व बेरीज करून ताळा पाहावा. पाचवीने प्रत्येक भाग एकूण वजनाच्या किती अंश आहे ते काढावे. कोवळी देठे वापरल्यास वाचणारे वजन स्वतंत्र मांडावे.

(आ) पाने परातीत तीन पाण्यांनी धुवावीत. प्रत्येक वेळी परात क्षणभर स्थिर ठेवून तळाशी बसलेली माती दाखवावी. तिसऱ्या पाण्यातील माती पहिल्याहून कमी का, याचे उत्तर मुलांकडून काढून घ्यावे.

(इ) शंभर-शंभर ग्रॅम पाला दोन फडक्यांवर पसरून एक उन्हात व एक सावलीत ठेवावा. रोज एकाच वेळी वजन घेऊन तक्ता भरावा. पाला वाळल्यावर रंग, वास व वजन यांची तुलना करावी. ताज्या पाल्यात बहुतांश पाणीच असते, हे अनुमान मुलांनीच काढावे.

संकलन : पाला धुऊन मग का चिरावा? फोडणीचा उपयोग काय? लिंबू का पिळावे? सर्व वाफे एकाच दिवशी का पेरू नयेत?

उपयोजन : प्रत्येक मुलाने घरी आजीस किंवा आईस विचारून पाल्याची एक कृती ‘घ्यावे, धुवावे, चिरावे’ अशा क्रियापदांत आठ-दहा ओळींत लिहून आणावी. या कृतींची हस्तलिखित वही करून ती शाळेत ठेवावी. पाचवीच्या मुलांनी पुढील दोन महिन्यांचे पेरणीचे वेळापत्रक तयार करावे व ते बागेच्या फलकावर लावावे. हे वेळापत्रक प्रत्यक्षात उतरले, तरच पाठ पुरा झाला असे समजावे.

घ्यावयाची दक्षता

विळी, सुरी व चूल यांपासून मुलांना दूर ठेवावे. हात साबणाने धुतल्यावाचून कोणीही पाल्यास हात लावू नये. हात धुतलेले सांडपाणी शेवगा, केळ यांसारख्या झाडांना सोडावे. कच्चा खाल्ला जाणारा पाला स्वच्छ पाण्यावरच वाढवावा. वाफ्यांवर विषारी औषधांची फवारणी करू नये. गाजरगवताचे कोवळे रोप दिसण्यात कोथिंबिरीसारखे भासते. म्हणून निवडताना प्रत्येक काडीचा वास घेण्याची सवय लावावी व शंका येईल ती काडी टाकून द्यावी. चटणीसारखे कच्चे पदार्थ पिण्याच्या पाण्यात, वाढण्यापूर्वी थोडाच वेळ आधी करावेत. नित्याप्रमाणे शिक्षकांनी आधी चव घेऊन नोंद करावी.

पाला निवडणे हे मुलींचे काम आणि वाफे खणणे हे मुलांचे, अशी वाटणी बागेत होऊ देऊ नये. दोन्ही कामे सर्वांनी पाळीने करावीत. त्याचप्रमाणे कोणत्याही जातीचे मूल निवडण्याच्या किंवा वाढण्याच्या कामातून वगळले जात नाही, याकडे शिक्षकांनी स्वतः लक्ष पुरवावे. परात एक, पाणी एक आणि पंगत एक, हा दंडक असावा.

जुडी कोणाची?

शेवटी एक नाजूक पण महत्त्वाचा मुद्दा उरतो. वाढीव पाला कोणाच्या घरी जावा? परसबाग शाळेची, म्हणजे मुलांची आहे. प्रथम हक्क मध्यान्हीच्या पातेल्याचा. त्यानंतर उरेल तो पाला हजेरीपटाच्या क्रमाने मुलांच्या घरी जावा. आज पाच, उद्या पाच अशी पाळी धरून नोंदवहीत तारीख, वजन व नाव लिहावे आणि ही वही मुलांनीच ठेवावी. शिक्षकांच्या किंवा गावातील वजनदार गृहस्थांच्या पिशवीत जुडी आधी पडली, तर मुले बोलत नाहीत, पण पाहतात. याउलट ज्याच्या घरी शेत नाही, त्या मुलानेही स्वतः वाढवलेली जुडी मानाने घरी नेली, तर त्या दिवशी त्याच्या घरच्या आमटीस वेगळीच चव येते.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेपुढे महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना ठेवली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांतील पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ पासून मध्यान्ह भोजनाची योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने चालू आहे. कल्पना व योजना वरून येतात. त्या वाफ्यात रुजवणे आणि वाफ्यातील पाला ताटात पोहोचवणे हे शिक्षकाच्याच हाती असते. प्रत्येक शाळेने येत्या हंगामात निदान एवढे करावे की, वाफे आठ दिवसांच्या अंतराने पेरावेत, कोवळी देठे पातेल्यात घालावीत आणि नोंदवहीत ‘वाया गेलेला पाला’ असा एक रकाना आखावा. तो रकाना कोरा ठेवण्याची जबाबदारी मुलांवर सोपवावी. ती ते आनंदाने पार पाडतील.